मावळतीकडचे दगड

फक्रुद्दीनचे पुढचे दोन दात नव्हते. ते कुठे गेले हे सोनईत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. विचारलं की तो म्हणायचा, समुद्रानं घेतले, आणि विषय तिथंच बंद.

समुद्रावर जायच्या आधी तो गावातला एक नंबरचा उपणणारा होता. तीन पायांच्या उंच वावडीवर उभं राहून पाटी डोक्याच्या वर धरली की मानेला लागणाऱ्या वाऱ्यावरून त्याला कळायचं, आता सोडायची, आता थांबायचं. बाजरी पायाशी पडायची आणि भूस लांब उडायचं. खालून पाट्या भरून द्यायला कायम चांद असायचा, मुबारकबीचा एकुलता एक पोरगा. संध्याकाळी वारा थांबला की चांद ओरडायचा, "वारा पडला, उतरा खाली." झालं, दिवस संपला. मग राशीवर गोणपाट टाकायचं आणि वाऱ्याच्या बाजूनं, उगवतीकडं, तेवढे दगड ठेवायचे. दुसरी बाजू मोकळी, कारण सकाळी तिकडूनच उचलून पोती भरायची. सोनईत सगळे असंच करायचे. वारा काय रात्रीतून उलटा फिरतो होय?

बेचाळीस साली लढाईच्या जहाजांवर माणसं पाहिजे होती. दोघं मुंबईला गेले आणि खलाशी झाले. ज्यांनी प्रवरेच्या पलीकडं पाणी बघितलं नव्हतं ते कोलंबो, कलकत्ता, मद्रास असं बोलायला लागले.

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात त्यांचं मालाचं जहाज कोलंबोहून कलकत्त्याला निघालं होतं. एरवी वायरलेसवर खबर यायची, वादळ कुठं उठलंय आणि कुणीकडं सरकतंय. लढाईमुळं ती बंद होती, दुश्मनाला कळू नये म्हणून. आता सगळा भरवसा कप्तानाच्या खोलीतल्या हवेचा दाब मोजणाऱ्या पाऱ्यावर, आणि तो सकाळपासून नुसता खाली खाली जात होता.

दुपारी उगवतीकडून वारा आला. वारा कसला, मारहाणच ती. पाणी डेकवर पडायचं नाही, आदळायचं. एकाचा हात दारात सापडून मोडला, त्याची किंकाळी दोन हातांवरसुद्धा ऐकू आली नाही. खलाशांचा मुकादम, त्याला सारंग म्हणायचे, कोकणातला म्हातारा माणूस. त्यानं सांगितलं होतं, मालाच्या कोठाराच्या तोंडावरची ताडपत्री चारी बाजूंनी आवळा आणि जहाजाला बांधलेला कमरेचा दोर सोडू नका. फक्रुद्दीन आणि चांदनं उगवतीची बाजू आवळली. अशी आवळली की बोटांतून रक्त आलं. मावळतीची बाजू कशीतरी बांधली. हात खळ्यावरचे होते ना.

आणि मग एकाएकी वारा गेला. डोक्यावर निळं आभाळ. कुठून तरी आलेले पक्षी डेकवर दमून पडले. चांद हसला, अंगातून मीठ गळत होतं आणि हा हसला.

"वारा पडला, उतरा खाली," तो म्हणाला. "फकरू, सोड की गाठ. कंबर कापली माझी."

भिजून ती गाठ दगड झाली होती. फक्रुद्दीननं दातांनी सोडली.

सारंग लांबून ओरडत धावत येत होता. तो पोचायच्या आधी मावळतीकडून वारा आला. सैल ताडपत्री सुटली, एवढी मोठी, जड, भिजलेली, आणि तिनं चांदला असा फटका मारला की तो कठड्यावर आपटला, तिथं त्याचं डोकं फुटलं, मग तो कठड्यापलीकडं गेला. ओरडलासुद्धा नाही. सारंगनं फक्रुद्दीनच्या तोंडावर लाकडी खुंटी घातली. दोन दात तिथं गेले.

"वादळाच्या पोटात होतो आपण, पोटात," सारंग रडत मारत होता. "अर्धं गेलं की अर्धं उलटं येतं. सांगितलं होतं ना तुला?"

लढाई संपल्यावर फक्रुद्दीन सोनईला आला आणि मुबारकबीला म्हणाला, "खाला, चांदला ताप आला. एका रातीत गेला." ती रडली, मग त्यालाच जेवायला वाढलं. तेव्हापासून तिचं पाणी, तिचं सरपण, तिचं रान सगळं तोच बघायचा. गाव म्हणायचं, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं करतो. ते ऐकलं की तो उठून जायचा. वावडीवर मात्र परत कधी चढला नाही.

एक वेड होतं त्याला. आप्पासाहेबांच्या ओसरीवर बॅटरीचा रेडिओ होता, गावातला एकच. रोज बातम्यांच्या वेळी हा खाली पायरीवर बसायचा, हवामान ऐकायला.

"काय फक्रुद्दीन," आप्पासाहेब म्हणायचे, "सोनईला बंदर कधी व्हतंय?"

"तुमी पैसं काढा आप्पासाहेब, उद्या करतो."

अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात एका सकाळी रेडिओ म्हणाला, अरबी समुद्रात मोठं वादळ, मुंबईकडं सरकतंय. फक्रुद्दीन पायरीवरून उठला तो पळतच सुटला. मुबारकबीच्या खळ्यावर बाजरीची रास होती, तिचं वर्षाचं खाणं. त्यानं राशीला चारी बाजूंनी दगड लावले.

"येडा झाला का फकरू?" मुबारकबी म्हणाली. "मावळतीकडं कशाला? पोती भरायचीत मला."

"ऱ्हाऊ द्या खाला."

तो स्वतःचं छप्पर बांधायला गेला आणि म्हातारीनं एकेक करून मावळतीचे दगड काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी उगवतीकडून वारा आला. लिंबाची फांदी मोडून विहिरीत पडली. पाऊस आडवा, खड्यांसारखा लागत होता. फक्रुद्दीन रांगत मुबारकबीच्या घरात शिरला आणि दाराला पाठ लावून बसला. दोन तास भिंती हादरत होत्या. मग वारा थांबला. एकदम. बाहेर ऊनसुद्धा पडलं.

मुबारकबी पोतं घेऊन उठली. "सरक. बाजरी भिजली असंल."

"न्हाई खाला. बसा."

"आरं वारा पडला की."

तेच शब्द. ती त्याला ओलांडून कडी काढायला लागली तशी त्यानं तिचा हात धरला. तिनं त्याच्या मनगटाला चावलं. त्यानं तिला ढकललं, जोरात, आणि म्हातारी चुलीपाशी जाऊन पडली.

"माझ्या चांदनं तुला भाऊ मानला," ती कण्हत म्हणाली, "आन तू मला ढकलतो?"

"चांद तापानं न्हाई मेला."

तो दाराला पाठ रेटूनच बोलत राहिला.

"असाच वारा पडला हुता. असंच ऊन हुतं. त्यो म्हनला, गाठ सोड. म्यां सोडली. ह्या तोंडानं सोडली."

ती उठली आणि त्याला मारायला लागली. आधी हातानं, मग फुंकणीनं. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त आलं. त्यानं हात वर केला नाही आणि दारातून सरकलाही नाही. आणि तिचा हात वर असतानाच मावळतीकडून वारा धडकला. दार आत आलं, फक्रुद्दीन तिच्या पायाशी फेकला गेला. उघड्या दारातून दोघांनी बघितलं, गोणपाट उडालं, रास उठली, सगळी बाजरी करड्या धुरासारखी गेली, आणि आप्पासाहेबांच्या गोठ्याचा पत्रा गरगरत आला तो खळ्याच्या मधोमध जमिनीत घुसला. ती पोतं घेऊन जिथं उभी राहणार होती तिथं.

दोघांनी मिळून दार लोटलं. वारा जाईपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून रेटत होते, आणि ती सारखं एकच विचारत होती, "वरडला का रं? मला हाक मारली का?"

"न्हाई खाला. येळच न्हाई मिळाला."

त्यानंतर तिनं त्याला फकरू म्हणून कधी हाक मारली नाही. त्यानं आणलेलं पाणी घ्यायची, सरपण घ्यायची, बोलायची मात्र नाही. पुढच्या सुगीला तिच्या खळ्यावर रास झाली तेव्हा तो नेहमीसारखा गोणपाट घेऊन आला. उगवतीचे दगड त्याला लावू दिले. मावळतीचे तिनं स्वतः लावले, वाकून, एकेक उचलून. त्यानं मदतीला हात पुढं केला तसा तिनं त्या हातावर फटका मारला. दर वर्षी मारायची. तो दर वर्षी हात पुढं करायचा.