वावडिंगाचा नंबर

आमच्या आकुर्डीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी लाईटही गुरुवारीच जाते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी लेक फार्मसी शिकते, त्यामुळे तिच्या ते लक्षात राहिलं नाही. तिनं बुधवारी लॅपटॉपवर काम लावलं आणि गुरुवारी सकाळी पेपरला निघताना म्हणाली, "आई, हा बंद पडू देऊ नकोस. पडला तर सगळं पहिल्यापासून. उद्या प्रोजेक्ट नाही दिला तर माझं वर्ष गेलं."

काम काय ते तिनं मला सांगितलं होतं. पोटातल्या जंताच्या अंगात एक बारीक खाच असते. झाडपाल्यातले शेकडो रस कॉम्प्युटर त्या खाचेत एकेक बसवून बघतो. खरे रस नव्हेत, त्यांची चित्रं. मला लगेच कळलं. घरचं कार्य उरकल्यावर आपण डबे आणि झाकणं पसरून बसतो, तसंच. जे घट्ट बसेल त्याचा नंबर वर.

दहाला लाईट गेली. लॅपटॉप जुना, बॅटरी वीस मिनिटांची. इन्व्हर्टर अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच घरी, वरच्या काकूंकडे. त्या मूळच्या चाकणकडच्या, आवाज खणखणीत. सहा वर्षांत मी त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले होते. त्या जिन्यात दिसल्या की मी कचऱ्याचा डबा घेऊन परत आत.

पण लेकीचं वर्ष होतं. मिटला तर बंद पडतो म्हणून लॅपटॉप उघडाच, नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला, जिना चढले आणि दार कोपरानं वाजवलं.

"काकू, लाईट पाहिजे होती जरा."

"आगं बया! म्हंजी तुला बोलता येतंय व्हय!"

इन्व्हर्टरवर एकच प्लग चालायचा आणि त्यावर काकूंची मालिका चालू होती. मग सांगणं भागच पडलं. डबे, झाकणं, जंत, सगळं सांगितलं. काकूंनी आपल्या हातानं टीव्हीची पिन उपटली.

"वावडिंग घातलंय का त्यात?"

"असेल, काकू."

"असंल न्हाई, असायलाच पायजे. जंतावर त्येच औशद. माज्या सासूनं गावची पोरं वावडिंगावर वाढवली."

मग त्या खुर्ची ओढून, मतमोजणी बघावी तशा पडद्यावरचे आकडे बघत बसल्या. दर आकड्याला विचारायच्या, "ह्ये वावडिंग?"

तीनला काम संपलं. तेवढ्यात घराला कुलूप बघून घाबरलेली लेक हाका मारत वर आली. मला परक्या घरी, मांडी घालून, बोलताना बघून ती जास्तच घाबरली. तिनं यादी उघडली.

"वावडिंग तेरावं आहे."

"त्येरावं?" काकू उठल्याच. "ह्या मशीनला कदी जंत झालं हुतं का?"

"काकू, ही नुसती यादी आहे. औषध व्हायला पुढं प्रयोगशाळेत खूप तपासावं लागतं."

"मग तपासा की. वावडिंगापासनं सुरू करा."

शुक्रवारी प्रोजेक्ट वेळेत दिला. पुढच्या गुरुवारी लाईट गेली आणि आमचं दार वाजलं. काकूंच्या हातात वाटीभर वावडिंग.

"चितरं बघून त्येला काय कळणार? ह्ये खरं दाव त्याला."

मी लॅपटॉप उघडून वाटी त्याच्यापुढं ठेवली. तो बंद आहे, हे सांगायचा धीर काही झाला नाही.