दोन आकाशगंगा आणि बोटभर काळा रंग

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागंल. असला गाढवपणा मी उभ्या जन्मात केला नव्हता, आणि केला तो थेट आभाळात!

जन्म गेला गंगापूरकडं मेंढरं राखण्यात. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आता शहरात, उस्मानपुऱ्यात लेकाकडं असतो. नात वैशू कॉलेजात आभाळाचं शिकती. तिनं एक मोठं चित्र छापून आणलं होतं. कॉलेजात ज्याचं चित्र आणि बोलणं पसंत पडंल, त्याला पुण्याला मोठ्या शास्त्रज्ञांपुढं बोलायला धाडणार होते. पोरगी चार दिवस जेवली नाही हो नीट!

चित्र दाखवायच्या दिवशी सकाळी म्हणली, "आबा, बसा समोर. तुम्हाला सांगून बघते. ह्या दोन आकाशगंगा, एकमेकीत शिरल्यात."

"मग चांदण्या धडकत असतील?"

"छे! लई लांबलांब असतात त्या."

"म्हंजे पाणवठ्यावर दोन कळप मिसळले तसं. मेंढराला मेंढरू धडकत नाय, फुफाटा मात्र उडतो."

"बरोब्बर! तो फुफाटा, म्हणजे वायू आणि धूळ, मधोमध ओढला जातो. तिथं कृष्णविवर असतं निजलेलं. काळं कुट्ट. उजेडसुद्धा गिळतं. त्याला चारा मिळाला की ते जागं होतं, आणि मग..."

तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला. ती गेली गॅलरीत.

मी चष्मा लावून चित्र बघितलं. मधोमध काय? पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा ठिपका! काळीज चरकलं. छापखानेवाल्यानं पोरीचा घात केला की! दुसरं छापायला वेळ कुठं?

मेंढरं सुटली, पण त्यांच्या पाठीवर खूण करायच्या काळ्या रंगाची डबी मी अजून सोडलेली नाही. बोट बुडवलं आणि ठिपका झाकला. असा गोल, असा देखणा, काय सांगू! वाळू दिला आणि गुंडाळी करून ठेवली. पोरीला कशाला बोलायचं? उगं घाबरली असती.

रिक्षात मीही बसलो तिच्यासंगं. आपली कारागिरी बघायला नको?

कॉलेजच्या हॉलमधी वैशूनं चित्र उलगडलं आणि तिचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. समोर तपासायला सर आणि बाई उभे.

सर म्हणले, "सगळ्यात तेजस्वी जागा तीच, आणि तीच काळी?"

पण बाई मायाळू. म्हणल्या, "धुळीनं झाकलेलं केंद्र दाखवलंयस का? दोन आकाशगंगा मिसळताना होतं तसं कधीकधी."

सुटली होती हो पोरगी! नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. पण मी गप बसंन तर ना!

मागून उठलो. "धूळ नाय बाई, मेंढराचा रंग हाय. मी लावला. पोरीचा काही कसूर नाय."

सगळा हॉल माझ्याकडं. सर म्हणले, "का लावलात आजोबा?"

"काळं म्हणली ना ती!"

वैशूनं डोळे मिटले, उघडले. मग माझ्याकडंच वळली. "आबा, उन्हाळ्यात मूठभर चारा टाकला की मेंढरं कशी मुसंडी मारतात? आधी रेटारेटी होते ना?"

"लई!"

"तसंच. कृष्णविवरानं गिळलं ते दिसत नाही. पण त्याच्या तोंडाशी जी रेटारेटी होते, त्यात तो फुफाटा घासून घासून इतका तापतो की सगळ्या चांदण्यांहून जास्त उजेड पडतो. काळं ते तोंड. उजेड रेटारेटीचा!"

बाईंनी टाळी वाजवली. "पुण्याला अस्संच सांग. शब्द बदलू नको."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघा. सर हसून म्हणले, "काय आजोबा, आलं ध्यानात?"

"चांगलं आलं साहेब!" मी अंगातल्या कोपरीच्या खिशात हात घातला. "तंबाखूचा चुना हाय माझ्यापाशी. लगेच पांढरं करून देऊ का?"

हॉल हसून आडवा झाला. वैशूनं मात्र माझा जो हात धरला, तो उस्मानपुऱ्यात दाराला आतून कडी लावल्यावरच सोडला.