कोणी केला, कुणासमोर ठेवला

या, आत या. पाटी वाचून परत निघाला होतात ना? शोभतं का हे तुम्हाला? ‘दुपारी बेल वाजवू नये’ हे सोसायटीनं लिहिलंय, मी नाही. बसा इथं जवळ. समोरचे भाऊ असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून त्या पाटीलाच विचारलं असतं, “कोणी केला हा नियम? कुणासमोर ठेवला?”

भाऊ एकदाच आमदार झाले. तिथं त्यांना नियम तपासणाऱ्या समितीत टाकलं. त्या समितीत जायला कुणी राजी नसायचं म्हणे. मला समजावून सांगायचे, “ताई, कायदा आम्ही सभागृहात करतो, पण त्याखालचे बारीक नियम साहेब लोक करतात. ते सभागृहासमोर ठेवावे लागतात. आम्ही वाचलेच नाहीत, तर साहेबच राजा.”

भाऊ वाचायचे. एका नियमात बाजारात बसायच्या परवान्यासाठी बायकांच्या स्वतःच्या नावावर घर असावं, असं घातलं होतं. कायद्यात घराचा उल्लेखही नव्हता. “ही अट कुठून आली?” म्हणून भाऊ असे मागे लागले, की ती काढावीच लागली. तेव्हा मी बाजारात फुलांची टोपली घेऊन बसायचे. माझ्या नावावर कुठलं घर! पुढे मुलानं इथं फ्लॅट घेतला, तर समोर तेच. तोवर निवडणूक हरले होते. लोक म्हणाले, रस्ता नाही केला, नुसते कागद वाचले.

भाऊंची साखर वाढली तशी त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, नियम केला. दिवसाला एकच चहा.

“सभागृहासमोर ठेवला का?”

“मीच सभागृह.”

“आणि मोडला तर?”

“शिक्षा पण मीच देणार.”

“म्हणजे कायदा तू, अंमल तू, निवाडाही तू! ताई, सगळं असं एका हातात गेलं की देश बुडतो बघा.” आणि गुपचूप माझ्याकडे दुसरा कप प्यायला यायचे. वहिनींना ठाऊक होतं. त्यांनीच मला सांगून ठेवलेलं, “त्यात साखर घालू नकोस हं.”

मग वहिनी आजारी पडल्या. दवाखान्यात दारावरचा माणूस म्हणाला, “आत थांबायचं नाही. नियम आहे.” मी भाऊंकडे बघितलं. आता चष्मा वर जाणार! पण ते बाकावर जाऊन बसले.

“भाऊ, विचारा की.”

“नको ताई. डॉक्टरांचं काम डॉक्टरांना करू दे. आपण मध्ये पडायचं नाही.”

दुपार तशीच गेली. संध्याकाळी वहिनी गेल्या. एकट्याच.

नर्स बाहेर आली. “बाबा, आजी तुम्हाला बोलवत होत्या.”

“आत सोडत नव्हते ना.”

“अहो, एकाला थांबू देतो आम्ही. गर्दी नको म्हणून दारावर तसं सांगतात. तसा नियम कुठंय? तुम्ही विचारलं का नाही?”

भाऊंनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

‘कोणी केला?’ हा प्रश्न नंतर त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. दुसरा चहा पुढे केला, की कपावर हात ठेवायचे. “नको. नियम आहे.”

एकदा मीच विचारलं, “कोणी केला?”

“तिनं.”

“कुणासमोर ठेवला?”

“माझ्यासमोर,” म्हणाले, आणि उठून गेले.

या थंडीत भाऊही गेले. समोर कुलूप आहे, बघितलंतच तुम्ही. म्हणून सांगते, पुन्हा पाटी वाचून मागे फिरू नका. कुणी अडवलं तर विचारा, कोणी केला. भर दुपारी बेल वाजवा. पण या हो, लवकर या.