मेव्हिसची खिडकी

हॉलिनडेन टाउन या गावच्या फुटबॉल संघाने मारलेला एकही गोल मेव्हिस हॉल्डनने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तरी घरच्या मैदानावर सामना असला, की दर शनिवारी ही हजर! चहाची टपरी लग्नापासून तिच्याकडे होती, आणि टपरीचं तोंड फाटकाकडे, पाठ मैदानाकडे. मागे आरोळी उठून पत्रे थडथडले, की तिने समजायचं आपला गोल. नुसतं "अरेरे" ऐकू आलं, की समोरच्यांचा.

गोल कसा झाला हे तिला नॉर्मन सांगायचा. फाटकावर तिकिटं फाडणारा हा तिचा जुना शेजारी. "अगं, अर्ध्या मैदानातून हाणला! वरच्या कोपऱ्यात! गोलकीपर नुसता बघत राहिला!" नॉर्मनच्या तोंडून ऐकलं तर हॉलिनडेनने साधा गोल कधी मारलाच नव्हता. मग संघ कायम तळाला कसा, हे कोडं मेव्हिसला सुटलं नाही, आणि तिने ते फार उकरलंही नाही.

मागच्या भिंतीला एक खिडकी पाडाल का, असं तिने क्लबच्या पूर्वीच्या मालकाला विचारून पाहिलं होतं. "चहावालीला मॅच कशाला बघायची?" म्हणून त्याने उडवून लावलं. पुढे क्लब पार बुडायला आला तसा तो मालक हात झटकून निघून गेला, आणि गावाने वर्गणी काढून क्लबच विकत घेतला. पाववाला मालक, नर्स मालक, बसड्रायव्हर मालक. मत प्रत्येकाला एकच. चहावालीलासुद्धा!

पहिल्याच वार्षिक सभेत मेव्हिस उठून उभी राहिली. आवाज खणखणीत.

"मला खिडकी पाहिजे. जन्मभर तुमच्या आरोळ्या ऐकल्या, आता एक गोल या डोळ्यांनी बघायचाय."

"आणि तू खिडकीत बसलीस तर आमच्या चहाचं काय?" नॉर्मनने टोमणा हाणला.

"घे की ओतून! तूही मालकच ना?"

हशा पिकला, आणि भराभर हात वर झाले. सगळ्यात आधी नॉर्मनचा.

काम क्लिफर्ड सुताराने अंगावर घेतलं. हंगामाचा शेवटचा सामना, जिंकलो तरच या गटात टिकणार, आणि खिडकी त्याच सकाळी तयार झाली. मेव्हिसने झडप उघडली. समोर आभाळ, आणि दिव्याच्या खांबाचं टोक.

"क्लिफर्ड! ही काय कबुतरांसाठी केलीस?"

ताडमाड क्लिफर्ड खिडकीकडे बघतो, मग तिच्याकडे. "अगं बाई... मी माझ्याच डोळ्यांच्या रेषेत पाडली की!"

"अख्ख्या गावाने मत दिलं, पण बाई केवढीशी आहे ते एकाने पाहिलं नाही!"

पण हार मानेल ती मेव्हिस कसली! दुधाच्या बाटल्यांचा क्रेट तिने पालथा घातला आणि वर चढली. हिरवंगार मैदान असं समोर पसरलेलं पाहून तिचे डोळे भरून आले. किती मोठं होतं ते! गिऱ्हाइकांसाठी शेगडीवर शिजत ठेवलेले वाटाणे उतू गेले तरी तिला पत्ता नव्हता.

सामना संपत आला तरी गोल होईना. टपरीवर गारठलेल्यांची रांग, आणि रांगेत पुढे नॉर्मन.

"मेव्हिस, दोन चहा. दूध जास्त."

"थांब!"

गिऱ्हाइकाला "थांब" म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. कोपऱ्यातून चेंडू आत आला, दोघांच्या डोक्यांवर आपटला, खाली पडला, कुणीतरी लाथ घातली, तो आपल्याच नऊ नंबरच्या ढुंगणावर आदळला आणि लोळत लोळत, अगदी आळसावून, गोलच्या रेषेपलीकडे गेला.

मेव्हिस किंचाळली. पत्रे थडथडले ते त्यानंतर. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावाच्या आधी तिला कळलं होतं! मग शिट्टी वाजली, नि लोक कुंपण ओलांडून मैदानात घुसले.

काउंटरपलीकडे नॉर्मन टाचा उंचावून तडफडत होता. खिडकी तर मेव्हिसच्या पाठीने अडवलेली. "अगं, झालं काय? कुणी मारला? कसा मारला? सांग ना!"

मेव्हिस क्रेटवरून सावकाश उतरली. ॲप्रनला डोळे पुसले, दोन कपांत चहा ओतला, दूध जास्त घातलं.

"काय सांगू तुला, नॉर्मन! अर्ध्या मैदानातून हाणला. वरच्या कोपऱ्यात! गोलकीपर नुसता बघत राहिला!"