रुखवतातले साखरेचे गुलाब

मला बघायला आल्या तेव्हाच होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "शहरच्या पोरी बजारातून रुखवत आनतेत अन् आपल्या हातचं म्हून मांडतेत." मी तडकले. "मी साखरेचे गुलाब मांडीन, माझ्या हातचे," असं सांगून बसले.

लग्न ठरलं चातुर्मासाआधीच्या शेवटच्या मुहूर्तावर. नागपुरात त्या दिवसांत बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे साखरेची काय कथा! वस्त्रगाळ पिठीसाखर डिंकाच्या पाण्यात मळायची, पाकळ्या लाटून चमच्यांच्या खोलगट भागात वाळवायच्या, मग जोडायच्या. शेजारणीच्या फ्रिजमध्ये दोन फुलं ठेवून पाहिली, तर बाहेर काढताच त्यांना दरदरून घाम फुटला. शेवटी मी आमचा कूलर लावला, टाकीत थेंबभरही पाणी न भरता. त्या कोरड्या वाऱ्यावर गुलाब खडखडीत वाळले आणि तळाशी तांदूळ पसरलेल्या डब्यात गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी हवा इतकी कोंदट झाली, की मला डब्याचाही भरवसा वाटेना. सगळे गुलाब परातीत काढून मी पुन्हा कूलरपुढे मांडले आणि आतल्या खोलीत मेंदी काढून घ्यायला बसले.

जरा वेळाने गार झुळूक आली. कोरड्या कूलरचा वारा गार कसा? मेंदीचे हात वर धरून धावले, तर बाबा टाकीत बादली ओतत होते आणि परातीतल्या पाकळ्यांनी माना टाकल्या होत्या.

"पाणी काहून भरलं?" मी किंचाळले.

"फुलं हायेत ना वं? मले वाटलं, थंड्या हवेत टवटवीत राहतीन."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. हात ओल्या मेंदीने भरलेले, मला एक पाकळीही उचलता येईना. रडूच फुटलं.

"तू सांगत राय, मी करतो," बाबा म्हणाले.

त्यांनी कूलर बंद केला, शेगडी पेटवून दूर ठेवली, बोटांना पिठीसाखर लावली. गिरणीत यंत्रं चालवणारी ती जाड बोटं एकेक पाकळी उचलून, ती ताठ होईपर्यंत धरून ठेवत होती. मी मात्र ओरडतच होते, "हळू! दाबू नका!" काम संपल्यावर मी तशीच उठून आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आमच्या घरी कोरड्या कूलरपुढे मांडलेल्या रुखवतातला एक गुलाब उचलला, खिडकीशी नेला, उलटा केला. पाकळीच्या पाठीवर रुंद अंगठा उमटला होता, मधोमध जुन्या जखमेची चीर.

"हा अंगठा तं तुहा नाही वं."

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण जीभ वळली नाही. "बाबांचा आहे," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा तो ठसा पाहिला. "मंग बजारातलं नाही हे," असं म्हणून गुलाब सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

मी बाबांना शोधू लागले. पाहुण्यांच्या गर्दीत ते नव्हते. ते खोलीच्या कोपऱ्यात, घामाने निथळत, कूलरला पाठ लावून उभे होते. कुणी टाकीत पाणी भरू नये म्हणून.