मामांची विजेची पिचकारी

मोटारीच्या काचेवर पाणी उडवणे या एका कामात माझ्या बायकोच्या मामांनी जेवढा जीव ओतला, तेवढा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आजवर कोणी ओतलेला नाही, असे मी खात्रीने सांगू शकतो. बाकीच्या जिल्ह्यांची माहिती मी काढलेली नाही. पण काढली तरी निकाल फारसा बदलेल असे वाटत नाही. मामांना जाऊन आता चार महिने होत आले. त्यांच्याविषयी काही लिहावे म्हणून या चार महिन्यांत मी अनेकदा कागद पुढे घेतला, आणि प्रत्येक वेळी मामांच्या आधी त्यांची गाडीच डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. तेव्हा तिलाच आधी वाट देतो.

गाडी विलायती होती. चॉकलेटी रंगाची, दोन दारांची, अंग चोरून बसलेल्या कासवासारखी. काच धुण्यासाठी तिच्यात एक हातपंप होता. डॅशबोर्डवरची काळी गोल मूठ अंगठ्याने आत दाबायची, म्हणजे बॉनेटखालच्या बरणीतले पाणी रबरी नळीतून वर येई आणि काचेपुढच्या दोन बारीक तोट्यांतून बाहेर पडे. उडे असे मला म्हणवत नाही. आठदहा वेळा मूठ दाबावी तेव्हा रडून दमलेल्या पोराच्या गालावर असावा तसा एक ओघळ काचेवर दिसे. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांच्या देशात तेवढा पुरत असेल. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या चाकांचा चिखल, ट्रकांमागची धूळ आणि संध्याकाळची चिलटे यांच्यापुढे तो ओघळ म्हणजे नुसता शिष्टाचार होता. मामा त्या यंत्राला ‘पिचकारी’ म्हणत, आणि काच कायम आरशासारखी पाहिजे असा त्यांचा हट्ट असे.

हट्टाचे कारण त्यांच्या नोकरीत होते. मामा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या होत्या, आणि स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा जो विश्वास होता तो दुसऱ्या कशावरच नव्हता. “दोन मैलांवरच्या झेंड्यावर बसलेला कावळा का साळुंकी, ते मी सांगितलंय, जावईबापू,” असे ते मला वर्षातून चारदा तरी ऐकवत. दिसेल ते मोजायची सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नाही. साताऱ्याहून सांगलीला, विश्रामबागेत आमच्या घरी आले की फाटकापासून दारापर्यंतची पावले मोजूनच ते चपला काढत. एकदा दारातच थबकून म्हणाले, “मागल्या खेपेपेक्षा दोन पावलं जास्त भरली. फाटक हलवलं का काय?” मी म्हणालो, “नाही मामा, फाटक तिथंच आहे.” “मग मीच म्हातारा झालो,” असे म्हणून ते समाधानाने आत आले, हिशेब लागल्याशी त्यांना मतलब. मामींची भाकरी ताटात पडली की ते वितीने तिचा व्यास बघत आणि “आज बोटभर कमी हाय,” असे सांगत. मामी तव्यावरून नजर न हलवता म्हणत, “मोजा, मोजा. उद्यापास्नं मोजूनच वाढती.”

गाडीच्या बरणीत विहिरीचे पाणी त्यांना चालत नसे. उकळून गार केलेले पाणी तीन वेळा गाळून ते स्वतः भरत. “मला चहाला गाळणं मिळत न्हाई, आन् तिला तीनतीनदा गाळून!” अशी मामींची तक्रार होती. त्या पाण्याला मामांनी रजा दिली ती एकदाच. दुष्काळाच्या वर्षी जतकडे कुणाच्या बांधाचा वाद मिटवायला ते निघाले, आणि मला सोबत घेतले. रस्ता म्हणजे फुफाटा. एका गावाबाहेर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागली होती. तिथेच गाडी थांबवून मामा अंगठ्याने पिचकारी दाबू लागले. रांगेशेजारी मेंढरे घेऊन बसलेला एक म्हातारा उठून आला, काचेवरचा ओघळ त्याने नीट न्याहाळला आणि रागावल्याचा लवलेशही न दाखवता विचारले, “आवं, आमास्नी प्यायला न्हाई, आन् तुमी काचंला पाजताय व्हय?” मामांचा अंगठा मुठीवरच राहिला. खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडले, बरणी काढली आणि तीनदा गाळलेले ते पाणी म्हाताऱ्याच्या तांब्यात ओतले. येताना सांगलीपर्यंत ते खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी चालवत होते. पाऊस होईपर्यंत बरणी रिकामीच राहिली.

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस. माझा वेग त्यांना सोसत नसे. “पुस्तक वाचल्यागत चालवू नका. रस्त्याला मागलं पान न्हाई,” असे ते ओरडत, आणि मी घाबरून आणखी हळू जाई.

पुढे एका हिवाळ्यात ती पिंपाची गोष्ट घडली. मामा-मामी साताऱ्याहून आमच्याकडे येत होते. रस्त्याचे काम चालले होते तिथे मामांनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला. मग खिडकीतून हात काढून ते म्हणाले, “अरं, जरा कडंला हो की गड्या! किती वेळ वाट बघायची?” मामींनी शांतपणे सांगितले, “आवं, ते डांबराचं पिंप हाय.”

घरी येऊन मामींनी हे सांगितले तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामाही हसले, पण लगेच म्हणाले, “काच घाण होती. ती हातानं दाबायची पिचकारी काय कामाची? इजेची पाहिजे. बटण दाबलं की फवारा.” मामींचे हसू तेवढ्यात ओसरले होते. त्या म्हणाल्या, “बरं. करा इजेची. काच धुऊन दिसलं, तर गाडी तुमची, आन् मी जन्मात काय बोलणार न्हाई. न्हाई दिसलं, तर डोळं दाखवायला मिरजंला चलायचं, आन् किल्ली जावईबापूंच्या हातात.”

“कबूल,” मामा म्हणाले. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो. त्या गाडीवाचून मामा म्हणजे काय, हे आम्हा सर्वांनाच ठाऊक होते.

त्या दिवसापासून मामांना दुसरा विषय उरला नाही. मलकापूरला, कराडच्या अलीकडे, पलटणीच्या वर्कशॉपात हात काळे करून परत आलेला एक मिस्त्री होता. कुठल्याशा भंगारातून त्याने मुठीएवढी मोटार आणि तिला जोडलेला छोटा पंप पैदा केला. मामांनी जोडणीचा नकाशा काढला: टाकाने, दोन रंगांच्या शाईत, प्रमाण टाकून. मामा, मामी आणि मी असे तिघे सांगलीहून मलकापूरला गेलो तेव्हा मिस्त्रीने तो कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

“सायेब, झ्याक काढलाय. पण ह्यो बाण कशाचा?”

“उत्तर दिशेचा.”

“वायरिंगला उत्तर दिशा?”

“नकाशा म्हटला की उत्तर लागती,” मामा म्हणाले. मिस्त्रीने पलटणीत याहून अवघड हुकूम ऐकले असावेत. गाडीचे तोंड उत्तरेला करूनच त्याने कामाला हात घातला.

दोन तासांनी बटण बसले. मामांनी आमच्या सर्वांकडे एकदा पाहिले आणि ते दाबले. मोटार गुणगुणली, पण काचेवर थेंब येईना. मिस्त्रीने बॉनेटखाली डोके घातले. “सायेब, ही उडवंना, फुंकतीया!” बरणीत खदखदा बुडबुडे येत होते. मामा वाकून कान देत म्हणाले, “गुडगुडी वडतीया की ही!” झाले होते असे, की आपल्याकडच्या जीपगाड्यांत बॅटरीची मायनसची तार गाडीच्या अंगाला जोडतात, आणि या विलायती बाईंच्या अंगाला जोडलेली होती प्लसची. मामांनी नकाशा खात्याच्या जीपवरून काढला होता. त्यामुळे मोटार उलटी फिरत होती. मिस्त्रीने तारांची अदलाबदल केली. मामांनी मात्र आधी नकाशा दुरुस्त केला. चूक खोडायची नाही, तिच्याशेजारी लाल शाईने बरोबर काय ते लिहून खाली सही करायची, असा खात्याचा नियम होता, आणि तो मामांनी जन्मभर पाळला.

दुसऱ्यांदा बटण दाबताच पाणी असे सुटले की काच ओलांडून, टप ओलांडून, मागून सायकलवर येणाऱ्या एका दूधवाल्याच्या पटक्यावर पडले. “आयला, पाऊस कुठनं रं आला?” म्हणत तो आभाळाकडे बघतच पुढे गेला. मिस्त्रीने टाचणीने तोट्यांची तोंडे खाली वळवली, आणि मग मात्र फवारा नेमका काचेच्या मधोमध बसला. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे. मामांनी मिस्त्रीला मिठीच मारली.

मलकापूर सुटल्यावर कराडच्याही पुढे, मोकळ्या सरळ रस्त्यावर मामांनी गाडी कडेला घेतली. समोर किलोमीटरचा दगड होता. मामा उतरले, त्या दगडापासून मागे शंभर पावले मोजून आले, आणि गाडी नेमकी तिथे आणून उभी केली. मामी त्यांच्या डावीकडे, मी मागे. “आता बघा,” म्हणून त्यांनी बटण दाबले. काच धुतली गेली. मागच्या सीटवरून मला ‘सातारा’ आणि त्याखालचा आकडा स्वच्छ दिसत होता. मामा पुढे वाकले. त्यांनी पुन्हा बटण दाबले. मग पुन्हा. बरणीतले पाणी संपले, मोटार कोरडीच गुणगुणू लागली, तेव्हा त्यांनी बोट उचलले.

मामी हळूच म्हणाल्या, “काचंवर अजून लय घाण हाय. घरी गेल्यावर नीट धुऊ आपण. मग बघा.”

मामींना मी कधी खोटे बोलताना ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले. पैज त्यांचीच होती, आणि जिंकायच्या क्षणी त्यांना ती नको झाली होती.

मामा गाडीतून उतरले, काचेच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि दगडाकडे चालू लागले. मोजत. एका जागी थांबले, थोडे वाकले, आणि तसेच मागे फिरले. खिशातली वही काढून बॉनेटवर ठेवून त्यांनी काहीतरी लिहिले. मी जवळ जाऊन पाहिले. लिहिले होते: ‘अंतर शंभर पावले. आकडा अठरा पावलांवरून दिसला. काच स्वच्छ. दोष निरीक्षकाचा.’ खाली सही, लाल शाईत.

“काच साफ हाय,” ते मामींना म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. साताऱ्यापर्यंत मी गाडी चालवली. त्या दिवशी माझ्या वेगाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला सोसवेना. शेवटी नागठाण्याच्या आसपास म्हणाले, “जावईबापू, पान उलटा आता,” आणि मामी आणि मी दोघेही नको इतके हसलो.

मोतीबिंदू निघाले. मिरजेला दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि बाटलीच्या बुडाएवढ्या भिंगांचा चष्मा लावून मामा पुन्हा सगळे मोजू लागले. गाडी चालवायला मात्र त्यांनी पुन्हा मागितली नाही. त्यांनी एवढेच केले, की मिस्त्रीकडून ते बटण काढून पार डावीकडे, आपल्या सीटपुढे बसवून घेतले. मग दर महिन्याच्या सातारा-सांगली फेरीत मी चाकामागे, मामी मागे, आणि मामा बटणाशी. चिलट बसायच्या आत फवारा! माझ्या सांगण्याची त्यांनी कधी वाट पाहिली नाही. समोरून येणाऱ्या ट्रकची धूळ अजून शेतातच असे, तोवर काच धुऊन झालेली असे. “तुमी फक्त चालवा,” ते म्हणत, “बघायचं काम माझ्याकडं हाय.”

मामा गेल्यावर मामींनी गाडी माझ्याकडे दिली. परवा मलकापूरला थांबलो तेव्हा मिस्त्रीने डावीकडचे बटण पाहिले आणि म्हणाला, “सायेब, तुमचा हात पोचत नसंल तितवर. उजवीकडं घिऊ का? धा मिंटाचं काम हाय.”

मी म्हणालो, “राहू दे.”

हात पोचत नाही हे खरे. म्हणून आता काच मळली की मी गाडी कडेला घेतो, वायपर चालू ठेवून खाली उतरतो, पुढून वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसतो आणि बटण दाबतो. येणारेजाणारे टकमक बघतात. मोटार गुणगुणते, काच आरशासारखी होते. समोर दगड असला तर मी त्याच्यावरचा आकडा वाचतो, थोडा वेळ तसाच बसतो, आणि मग उतरून पुन्हा आपल्या जागी येतो.