विलासनं केलेली सही

विलास गेल्याचा फोन मला लोणी देवकरच्या कारखान्यात आला, पहिल्या पाळीच्या चहाच्या वेळी. फोन माझ्या थोरल्या भावाचा. "विलास गेला सकाळी," दादा म्हणाला, आणि श्वासही न घेता पुढं, "त्यानं सही केलेला कागद तुझ्याकडंच हाय न्हवं? जपून ठेव." मी 'व्हय' म्हणालो. लहानपणापासूनचा मित्र गेल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द तो...

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. तो बुद्धविहाराजवळच्या वस्तीतला, मी पाटील आळीतला. बारामतीत मास्तरकी करून तो निवृत्त झाला आणि गावाकडं परतला. मोबाइलवरच्या एका शिवराळ स्टेटसवरून दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन एसटी थांब्यावर जमली, तेव्हा हा भरउन्हात रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसला. "आधी मला उचला, मग पुढं जावा," म्हणाला. कुणाचा हात धजला नाही. त्यातल्याच दहा-बारा पोरापोरींना पुढं तो दर रविवारी समाजमंदिरात बसवू लागला. अर्ज कसा लिहायचा, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा, माहिती कशी मागायची. दोन्हीकडची पोरं एका सतरंजीवर बसायची. आळीत ते कुणाला आवडलं नव्हतं, पण तोवर सगळे गप्प होते.

मग पोरांनी ग्रामसभेत ठराव मांडला : गावाला एकच स्मशानभूमी असावी. आमच्या स्मशानभूमीला पत्र्याची शेड आहे, नळ आहे, बसायला बाकं आहेत. वस्तीची जागा ओढ्यापलीकडं, उघड्या माळावर. ठराव निकितानं वाचला, विलासच्या चुलतभावाच्या मुलीनं. सभेत आरडाओरडा झाला, बाहेर फाटकापाशी ढकलाढकली. विलास नेहमीसारखा मध्ये गेला. दगड त्याच्या कानामागं बसला. तो दादाच्या पोरानं, ओंकारनं मारला. मी पाहिला.

तिसऱ्या दिवशी बारामतीच्या दवाखान्यात कागद घेऊन मी गेलो. दादानं मलाच धाडलं, कारण माझं तो ऐकेल. कागदावर लिहिलं होतं, पाय घसरून पडलो, कुणाविरुद्ध तक्रार नाही. विलासनं तो दोनदा वाचला.

"दगड कुणाचा हुता, ठावं हाय ना तुला?"

"हाय."

"मग तूच सांग. करू सही?"

"कर," मी म्हणालो. "पोराचं आयुष्य बरबाद हुईल."

त्याची बायको, शोभावहिनी, उठून खिडकीपाशी गेल्या. त्यानं सही केली, कागद माझ्या हातात दिला. "ओंकारला एकदा पाठव माझ्याकडं. रागावणार न्हाय. नुसतं बोलायचंय." घरी आल्यावर दादाच्या ओट्यावर हास्यविनोद चालला होता. निरोप मी दिलाच नाही. दोनदा विलासनं फोनवर विचारलं, "येतोय का?" मी म्हणालो, कामात आहे.

नंतर त्याचं डोकं सतत ठणकायचं. उजव्या हातातला खडू गळून पडायचा. तिसऱ्या महिन्यात तो न्हाणीत कोसळला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही.

ओढ्यापलीकडं वाऱ्यानं चिता नीट पेटेना. निकिता आणि दोघी-तिघी बायका चादर आडवी धरून उभ्या राहिल्या. आमची शेड समोर दिसत होती, रिकामी. परतताना चौकात फ्लेक्स लागलेला होता. विलासचा हसरा फोटो, वर 'गावाचा शांतिदूत', आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या ओळीत काळा चष्मा लावलेला ओंकार. वहिनी त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून गेल्या.

परवा ग्रामसभा झाली. पंचायतीच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला टेकून बसायची विलासची सवय होती. पोरांनी तेवढी जागा मोकळी सोडून दोन्ही बाजूंना बसकण मारली होती. निकितानं तोच ठराव पुन्हा वाचला, आवाज न चढवता. ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी हात वर करा, असं ग्रामसेवक म्हणाले. पोरांचे हात वर गेले. निकितानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. दादा माझ्या शेजारी बसला होता. मी खाली वाकलो आणि पोरांचे हात खाली येईपर्यंत चपलेचा अंगठा नीट करत राहिलो.